चोडणच्या चिखलावरचे पक्षी आणि भरतीचे घड्याळ

म्हापशाच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गेले दोन हिवाळे ते रविवारी सकाळी सातच्या सुमारास रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदीतील चोडण बेटावर जातात. एखाद्या रविवारी नदीकाठच्या चिखलावर शेकडो पक्षी चरताना दिसतात, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी, चार बगळे आणि एक खंड्या याखेरीज काहीच नसते. पक्षी कमी झाले आहेत का, नसतील तर ते जातात कुठे, आणि एकाच चिखलात इतक्या जातींचे पोट भरते तरी कसे, असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत. तिन्हींचे उत्तर एकाच धाग्यात आहे, म्हणून ते सलग देतो.

आपण रविवार धरून जाता, म्हणजे सूर्याच्या घड्याळाने जाता. चिखलावरचे पक्षी मात्र चंद्राच्या घड्याळाने चालतात. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि हे चक्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ही सरक पावणेसहा-सहा तासांवर जाते. भरती आणि ओहोटी यांच्यातील अंतरही जवळजवळ तेवढेच असल्यामुळे एका रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सातला भरती असणारच, आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. आपल्या नोंदवहीतील ‘भरपूर’ आणि ‘शून्य’ या नोंदी एकाआड एक येत असतील, तर तो पक्ष्यांचा दोष नाही. आपण दर दुसऱ्या रविवारी पाण्याखाली गेलेला चिखल पाहून परत येत आहात.

जुन्या मच्छीमारांना यासाठी छापील तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा ठोकताळा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. गोव्यात हा हिशेब तासभर इकडेतिकडे होतो आणि नदीत जसजसे आत जावे तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे गणनेसाठी मुरगाव बंदराचा तक्ता पाहावा. पण कोणत्या दिवशी घराबाहेर पडावे हे ठरवायला तिथी पुरेशी आहे. अष्टमीच्या सकाळी सातला चिखल बुडालेला असतो. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर दोन-तीन दिवस मात्र सकाळी ओहोटी लागलेली असते, आणि ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप खाली जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओहोटी असली तरी पाणी फारसे हटत नाही. चोडणच्या पश्चिम टोकाकडचा चिखल इतका मंद उताराचा आहे की पाण्याची पातळी वीतभर खाली गेली तरी कित्येक पावले रुंदीचा नवा पट्टा उघडा पडतो.

आता त्या पट्ट्यात असते काय ते पाहू. विद्यार्थ्यांना मी नेहमी एकच प्रयोग करून दाखवतो. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओहोटीच्या वेळी, फावड्याने चिखलाचा टीचभर जाडीचा चौकोनी ठोकळा अलगद उचलायचा आणि केळीच्या पानावर उभा कापायचा. वरचा थर तपकिरी, चकचकीत, किंचित बुळबुळीत असतो. तो सूक्ष्म शैवालांचा आणि जिवाणूंचा पापुद्रा. त्याखाली बोटाच्या पेरभर खोलीपर्यंत चिखल फिकट राहतो आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे शंख, बारीक कवचधारी प्राणी आणि सुताएवढे किडे सापडतात. त्याखालचा चिखल काळा होतो, त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, कारण तिथे प्राणवायू पोचत नाही. मात्र त्या काळ्या थरातून काही उभ्या, फिकट कडांच्या नळ्या खाली गेलेल्या दिसतात. ती केसाळ समुद्री किड्यांची बिळे. बिळातून खेळणाऱ्या पाण्यामुळे त्यांच्या कडा काळ्या पडत नाहीत. तिसऱ्या आणि खुबे हे खाण्याचे शिंपलेही याच चिखलात, आपापल्या खोलीवर बसलेले असतात.

आता या ठोकळ्याशेजारी चोची मनानेच मांडून पाहा. मराठीत या पक्ष्यांची नावे जिल्ह्यागणिक बदलतात आणि एकच नाव तीन जातींना चिकटलेले असते, त्यामुळे जिथे घोटाळा होण्याची भीती आहे तिथे मी पक्षीनिरीक्षकांत रूढ असलेले इंग्रजी नावच वापरतो. लिटल स्टिंटची चोच जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे त्याचे सारे जग वरच्या फिकट थरात. रेडशँकची, म्हणजे लाल पायांच्या तुतारीची, चोच चार सेंटिमीटरांच्या आसपास. काळ्या शेपटीच्या गॉडविटची आठ ते बारा सेंटिमीटर, आणि मोठ्या कुरलाची त्याहून लांब, त्यातही मादीची नरापेक्षा अधिक. एकाच चौरस मीटरात चार जाती चरत असतात, पण त्या चार वेगवेगळ्या मजल्यांवर जेवत असतात.

लांबी एवढेच कारण मात्र नव्हे. पुष्कळ पुस्तके तिथेच थांबतात म्हणून हे मुद्दाम लिहितो. खरा भेद भक्ष्य शोधण्याच्या रीतीत आहे. चिखल्या पक्षी, म्हणजे प्लोव्हर, डोळ्यांनी शिकार करतात. त्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. चार पावले धावायचे, थबकायचे, टक लावून पाहायचे, टोच मारायची आणि पुन्हा धावायचे. चिखलावर पावलांची चाहूल लागली की किडे बिळात खोल जातात, म्हणून शेजारी जवळ असणे चिखल्याला परवडत नाही. त्यांचा थवा चरताना नेहमी विरळ, पांगलेला दिसतो. गॉडविट याउलट स्पर्शावर जगतो. त्याच्या चोचीच्या टोकाच्या हाडात मधाच्या पोळ्यासारखे बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंपन ओळखणाऱ्या चेतापेशींचे गुच्छ बसवलेले असतात. चोच चिखलात मुळापर्यंत रुतलेली असताना तिचे फक्त टोक वर उचलून चिमट्यासारखे उघडणे त्याला जमते. बाकीची चोच मिटलेलीच राहते. न दिसणारे भक्ष्य असे चाचपून पकडता येत असल्याने गॉडविट खांद्याला खांदा लावून चरतात आणि रात्रीच्या अंधारातही चरतात. थवा दाट आहे की विरळ, एवढे दुरून पाहिले तरी तो काय पद्धतीने जेवतो आहे हे निम्मे कळते. उचाट्या तिसऱ्याच पंथाचा: वर वळलेली चोच पातळ चिखलपाण्यातून विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवत जातो.

याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे छोटा कुरल, ज्याला पक्षीनिरीक्षक व्हिम्ब्रेल म्हणतात. खारफुटीच्या कडेने फिडलर खेकड्यांची वसाहत असते. नराची एक नांगी अंगाला न शोभणारी, भली मोठी; ती हलवत तो बिळाच्या तोंडाशी उभा असतो. व्हिम्ब्रेल जवळ आला की सारी वसाहत क्षणात बिळात जाते. पक्षी मग एखाद्या बिळाशी मान तिरकी करून थांबतो आणि चोच आत घालताना मनगट वळवावे तशी मान वळवतो, कारण बीळ सरळ खाली जात नाही, ते वाकलेले असते, आणि चोचीचा बाक त्या वाकाला जुळतो. खेकडा बाहेर आला की तो त्याला जोरजोराने झटकतो. पाय एकेक करून गळून पडतात, कधी मोठी नांगीही पडते. मग तो तुरुतुरु चालत जवळच्या पाण्याच्या ओघळापाशी जातो, खेकडा बुडवून चिखल धुतो आणि एका घोटात गिळतो. हा प्रकार मी असंख्य वेळा पाहिला असेन, तरी दुर्बीण खाली ठेववत नाही. इतके खारे खाणे पचवण्यासाठी अनेक किनारी पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. जादा मीठ दाट पाण्याच्या रूपाने नाकपुड्यांवाटे बाहेर पडते.

भरती चढली की हे सारे जेवणघर बंद होते. मग पक्षी कुठे जातात? बहुतेक वेळा फार लांब जात नाहीत. ते बांध ओलांडून पलीकडच्या सखल जमिनीत, म्हणजे खाजनात, जातात.

इथे माझी एक जुनी चूक सांगणे आवश्यक आहे. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेसाठी, जी आपल्याकडे 1987 पासून चालते, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी नदीकाठचा चिखल मोजला, दुपारी भरतीच्या वेळी जवळचे खाजन मोजले, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून मोकळा झालो. आकडा पाहून मीच खूश होतो. दुसऱ्या दिवशी बांधातील पाण्याची दारे, म्हणजे मानशी, सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या मानसकाराने बांधावर बसून विडी ओढता ओढता सहज विचारले, “पात्रांव, सकाळी भायर आनी दनपारां भितर, तींच न्हय तीं सवणीं?” सकाळी बाहेर आणि दुपारी आत, तेच पक्षी होते. मी प्रत्येक पक्षी दोनदा मोजला होता. त्या दिवसापासून चिखल आणि खाजन ही दोन वेगळी स्थळे आहेत असे मी कधी लिहिले नाही.

खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन, हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. पण मानशीचे काम पक्ष्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळे बाहेर नदीची पातळी मीटर-दोन मीटर वरखाली होत असताना आतल्या पोंयीत (खाजनातील पाण्याच्या खोलगट भागात) आणि पडीक भागात पाणी बेताचे, काही बोटे ते वीतभर, असे टिकून राहते. सरद, म्हणजे पावसाळी भाताच्या, पिकाची कापणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या या जमिनीत बाहेर भरती असताना उथळ पाणी आणि उघडी ढेकळे मिळतात. ही सोय नसती तर भरतीच्या तासांत या पक्ष्यांना घिरट्या घालत उडत राहावे लागले असते. पाणी किती खोल यावर कोण उतरणार हे ठरते: स्टिंटला पाण्याचा पातळ पापुद्राच चालतो, रेडशँकला चार-पाच बोटे, आणि शेकाट्याला, ज्याचे पाय देहाच्या मानाने रोहित सोडल्यास साऱ्या पक्ष्यांत लांब आहेत, वीतभर पाणीही चालते. मिठागरेही हेच काम करतात. पणजी-रायबंदर रस्त्याचा जो जुना बांध 1633-34 मध्ये पोर्तुगीजांनी घातला, त्याच्या कडेची मिठागरे चालू होती तोवर भरतीला तिथे पक्ष्यांची दाटी असे. आता तिथल्या बऱ्याच भागावर खारफुटी उभी आहे.

आणि इथे मला एक अप्रिय मत मांडायचे आहे. खारफुटी वाढली की आपण टाळ्या वाजवतो. नदीकाठी, जिथे ती पूर्वापार होती, तिथे ते योग्यच आहे, चोडणचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य 1988 मध्ये जाहीर झाले ते 1.78 चौरस किलोमीटर क्षेत्र मुख्यतः खारफुटीचेच आहे, आणि पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या गोव्यात शोधायचा तर अशाच ठिकाणी शोधावा लागतो. पण बांध फुटून, किंवा मासळीसाठी मुद्दाम फोडला जाऊन, खारे पाणी शिरलेल्या खाजनात जेव्हा खारफुटी दाटते, तेव्हा किनारी पक्ष्यांचे विश्रांतिस्थान संपते. व्हिम्ब्रेल आणि काही तुतारी फांद्यांवर बसून भरती काढतात, मात्र बाकीच्यांना चहूबाजूंनी मोकळी नजर लागते. बहिरी ससाणा किंवा हारियर झाडांच्या आडून येतो. त्याला दुरून हेरता येईल अशीच जागा ते निवडतात. गांवकारीची, म्हणजे गावाच्या सामूहिक कारभाराची, व्यवस्था मोडकळीला आल्यावर आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेल्यावर बांधाची देखभाल हे कोणाचेच तातडीचे काम उरले नाही, उलट मानशीच्या मासेमारीची पावणी (लिलाव) अधिक किफायतशीर झाली. मालवाहू बार्जींच्या लाटांनी बांध पोखरले ते वेगळेच. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, पण अधिसूचनेने फुटलेला बांध बुजत नाही. त्याला चिखल, पेंढा आणि माणसे लागतात. मला विचाराल तर चोडणच्या पक्ष्यांसाठी सर्वांत उपयोगी वनरक्षक म्हणजे बांध राखणारा शेतकरी.

खाजनातील इतर रहिवासीही याच पाण्यावर अवलंबून आहेत. पाणमांजरे मानशीच्या तोंडाशी शेवटे आणि काळुंद्री पकडतात. बांधावर माशांचे खवले भरलेली, उग्र वासाची त्यांची विष्ठा ठरावीक जागी सापडते, आणि मच्छीमाराच्या फाटलेल्या जाळ्याचा राग अर्थातच त्यांच्यावर निघतो. कुंभारजुवे कालव्यात तर मगर राहते, आणि तीही गोड्या पाण्यातील जात, भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात. त्या परिसरातील शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून मानगे थापणी करतात. खाजनाच्या राखणदाराला मान द्यायचा तो असा.

हंगामाचा विचार केल्याशिवाय आपल्या नोंदी पूर्ण होणार नाहीत. पावसाळ्यात मांडवीचे पाणी जवळजवळ गोडे होते, गाळ हलतो, आणि चिखलातील किड्यांची वस्ती मोठ्या प्रमाणात मरते किंवा वाहून जाते. पाऊस ओसरून खारेपणा परतला की पाण्यातून आलेल्या अळ्या पुन्हा चिखलात वस्ती करतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत स्थलांतरितांची संख्या वाढत जाते. मात्र पहिले पाहुणे फार आधी येतात. लडाख-तिबेटकडे वीण करणारे सँड प्लोव्हर चवथीच्या आधीच मोरजीच्या वाळूवर उतरलेले असतात. कर्ल्यू सँडपायपरमध्ये नर समागमानंतर वीणस्थळ लवकर सोडतात, माद्या मागाहून निघतात, आणि त्या वर्षीची पिल्ले सर्वांत शेवटी, वाट दाखवायला कोणी नसताना, आर्क्टिकहून इथवर येतात. मार्च-एप्रिलमध्ये चिखलावर विटकरी लाल झालेले, गोल गरगरीत कर्ल्यू सँडपायपर दिसतात ते निघायच्या तयारीतले. उड्डाणाआधी काही जाती वजन जवळजवळ दुप्पट करतात. मे-जूनमध्ये उरलेले फिकट, मळकट पक्षी आजारी नसतात. ते बहुधा पहिल्या वर्षाचे तरुण असतात आणि पहिला उन्हाळा इथेच काढतात.

करमळीचे तळे किंवा 2022 मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ ठरलेले कुडचड्याचे नंदा तळे यांचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे भरती नाही. तिथली पातळी पावसाने चढते आणि वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातशेतीसाठी सोडलेल्या पाण्याबरोबर उतरते. अडई, जांभळी पाणकोंबडी, गोगलगाय कवचातून सफाईने काढणारा उघड्या चोचीचा करकोचा, आणि जिथे अंडी उबवण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंत सारे नरच करतो तो कमळपक्षी, हे त्या पाण्याचे लोक. त्यांच्यासाठी तिथी न पाहता सकाळी कधीही जा.

मग पक्षी कमी झाले आहेत का? आपल्या रविवारच्या नोंदींवरून याचे उत्तर देता येत नाही, पण काळजीचे कारण नाही असेही नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर या दोन्ही जाती ‘असुरक्षित’ वर्गात टाकण्यात आल्या. दोन्ही आपल्या किनाऱ्यावरचे नेहमीचे पाहुणे. मोठा कुरल आणि काळ्या शेपटीचा गॉडविट ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ आहेत. या घटीची कारणे हजारो किलोमीटरच्या वाटेवर पसरलेली आहेत, आणि आपल्या वाट्याला त्यातली दोनच येतात: चिखल आणि खाजन.

आपण दोन हिवाळे सातत्याने जात आहात, तर वार सोडून तिथी धरा. महिन्यातून दोनदा, पौर्णिमा आणि अमावास्या उलटल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, मुरगावच्या तक्त्यातील ओहोटीच्या वेळेनंतर चोडणला पोचा आणि पाणी चढू लागते तो दीड-दोन तासांचा काळ धरून बसा. पाणी चढताना पक्षी आपोआप आपल्याकडे सरकत येतात, तेव्हा मोजणी सर्वांत सोपी असते. नोंदीत तारखेबरोबर ओहोटीची वेळ, आपण मोजलेली वेळ आणि चिखल किती उघडा होता हे लिहा. त्याच दिवशी भरतीला जवळच्या खाजनातही मोजा, पण तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. दोन्हींपैकी जो मोठा तो घ्यायचा, बेरीज करायची नाही. बांधावरून चालताना चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चोची थांबल्या, की तिथेच थांबा आणि दहा पावले मागे या. मुलांना बरोबर नेत असाल तर लाल-पांढरे गणवेश नकोत, आणि बांधावरची कुत्री मागे लागून येणार नाहीत इतके पाहा.